सहसा

अ‍ॅग्नेस मेअरने हॅडॉक माशाच्या शेपटीला मीठ चोळून पकड घट्ट केली आणि सुरी कातडीखालून सरळ पुढे नेली. कातडी एका तुकड्यात सुटून आली. ती सिंकच्या कोपऱ्यात टाकून, मागे वळून न पाहता तिने विचारले,

“आणि मी नाही म्हटलं तर?”

गॅव्हिन स्लेटर टेबलापाशी कोट न काढताच बसला होता. दोन निवडणुकांपासून तो पोर्टनॉरीचा आमदार होता आणि एडिनबरोत, स्कॉटलंडच्या विधिमंडळात, त्याच्या बोलण्याला वजन होते. या स्वयंपाकघरात मात्र तो अजून शेजारच्या स्लेटरांचा थोरलाच होता, अ‍ॅग्नेसच्या डॉडबरोबर ताटलीतले ओटकेक पळवणारा.

“नाही म्हणालीस तर तुझं ‘नाही’ मी तसंच्या तसं सभागृहात मांडेन, मावशी.”

“सभागृह काय करेल?”

“लंडनला सांगेल.”

“आणि लंडन?”

गॅव्हिनने टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती बोटाने सपाट केली.

नऊ हिवाळ्यांपूर्वी ‘फेअर मॉर्न’ ही मासेमारीची बोट बुडाली तेव्हा तिच्यावर तीन माणसे होती. अ‍ॅग्नेसचा मुलगा डॉड कप्तान होता. गॅव्हिनचा धाकटा भाऊ रॉय होता. आणि जाळी ओढायला फिलिपिन्सहून आलेला रोमेल होता. तिघांपैकी कोणीच सापडले नव्हते. यंदाच्या उन्हाळ्यात पवनचक्क्यांसाठी समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजाला ती बोट दिसली. वाळूवर सरळ बसलेली, जणू नांगर टाकून थांबली आहे. त्याच सुमारास लंडनच्या संसदेत एक नवे विधेयक आले होते. ज्या बुडालेल्या बोटींत माणसे अडकली आहेत त्या वर काढायच्या, कारण शोधायचे आणि माणसे घरी पोचवायची. हुकूम मंत्र्यांनी द्यायचा. घरच्यांना विचारण्याची अट त्यात कुठे नव्हती.

“समुद्र आणि जहाजं लंडनच्या हातात,” गॅव्हिन म्हणाला. “पण माणूस कसा मेला याची चौकशी, त्याचं दफन, हे आपल्याकडे सोपवलेलं आहे. एडिनबरोकडे. म्हणजे या कायद्याचा एक पाय आपल्या अंगणात पडतो. म्हणून त्यांना आधी आपली संमती मागावी लागते.”

“मागावीच लागते?”

“सहसा.”

अ‍ॅग्नेसने दुसरा मासा ओढून घेतला. “सहसा म्हणजे काय रे? सहसा मी रविवारी चर्चला जाते. गुडघा दुखला की नाही जात.”

गॅव्हिन हसला. ती हसली नाही.

“तोच शब्द आहे, मावशी. कायद्यातच लिहिलाय. आपल्या संमतीवाचून लंडन आपल्या विषयांवर सहसा कायदा करणार नाही.”

“कोणी लिहिलाय?”

“लंडननं.”

“अस्सं,” अ‍ॅग्नेस म्हणाली आणि सुरी पुसू लागली. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली. “डॉडला तिथेच असू दे, गॅव्हिन. मला काही वेड लागलेलं नाही. लोक काय म्हणतात तेही कानावर येतं. कप्तानाची आई आहे, चौकशीला घाबरते, असं म्हणतात. म्हणू देत. मला ठाऊक आहे तो कुठे आहे. रेडिओवर बोटवाल्यांसाठी हवामान सांगतात, त्यात त्या टापूचं नाव येतं ना, तेवढं ऐकते. तिथे वारा पडलेला असला की मला झोप लागते. वर काढून मला काय दाखवणार आहेत? हाडं? माझ्या पोराचे केस लाल होते.”

गॅव्हिन उठला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तेव्हा तो जे बोलला ते बोलायची काही गरज नव्हती. कोणी मागितलेही नव्हते.

“तुझ्या शब्दावाचून त्या बोटीला कोणी हात लावणार नाही.”

अ‍ॅग्नेसने नळ बंद केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले.

“तू म्हणतोस म्हणून,” ती म्हणाली.

*

शेजारच्या घरात वॉटी स्लेटर खिडकीपाशी खुर्चीत बसून होता. प्राणवायूची नळी नाकात होती आणि ती असूनही दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबावे लागत होते. फुप्फुसे हा हिवाळा कसाबसा काढतील, पुढचा नाही, असे डॉक्टरने गॅव्हिनला दाराबाहेर नेऊन सांगितले होते. म्हाताऱ्याला ते न सांगता कळले होते.

“तिला विचारून आलास,” तो म्हणाला. “मला कधी विचारणार?”

“तुमचं मला माहीत आहे, बाबा.”

“माहीत आहे म्हणून विचारायचं नाही? वा. हेच शिकवतात होय एडिनबरोत, फुकटची कॉफी पाजून?”

गॅव्हिनने त्याच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली. वॉटीने त्याचे मनगट धरले. उभा जन्म दोर ओढलेला तो हात, आता त्यात फक्त पकडायची सवय उरली होती.

“तुझ्या आईच्या पलीकडे रॉयची जागा आहे. दगडावर नाव आहे, खाली नुसती माती. दर रविवारी मी त्या मातीशी बोलायला जायचो, लाज वाटायची मला. मेल्या माणसाची नाही रे, रिकाम्या जागेची.” तो थांबला, श्वास गोळा केला. “माझ्या आधी त्याला आत ठेव. एवढंच. मग तुमचं लंडन आणि तुमचं एडिनबरो खड्ड्यात गेलं तरी चालेल.”

“अ‍ॅग्नेसमावशी नाही म्हणते.”

“अ‍ॅग्नेस चांगली बाई आहे,” वॉटी म्हणाला. “पण बोटीत तिचा एकटीचाच पोरगा नाही.”

हेच आठवड्याने चर्चच्या हॉलमध्ये वेगळ्या आवाजात ऐकू आले. गॅव्हिनने गावाची सभा बोलावली होती. पडद्यावर फिलिपिन्समधल्या इलोइलोहून रोमेलची बायको मेर्लिंडा दिसत होती, मागे भिंतीवर उन्हाचा चौकोन. हॉलमध्ये पाऊस कौलांवर वाजत होता. तिने तयार करून ठेवलेले बोलणे बाजूला सारले.

“मृतांच्या दिवशी इथे सगळे कबरीवर जातात,” ती म्हणाली. “मेणबत्त्या नेतात, जेवण नेतात, रात्रभर बसतात. माझी मुलं शेजाऱ्यांच्या कबरीवर बसतात. तुमचा समुद्र तुम्हाला खिडकीतून दिसतो. मला तोही दिसत नाही.”

मागच्या बाकावर अ‍ॅग्नेस हातमोजे न काढता बसली होती. बर्फाच्या कारखान्यातल्या एका माणसाने उठून गॅव्हिनला विचारले,

“तुझा भाऊ आहे त्यात. तुला स्वतःला काय पाहिजे ते सांग की.”

“मी इथे भाऊ म्हणून उभा नाही,” गॅव्हिन म्हणाला.

त्याला हे उत्तर चांगले वाटले. लोकांनाही वाटले असावे, कारण दोघातिघांनी माना हलवल्या. अ‍ॅग्नेसने मान हलवली नाही. ती पडद्याकडे बघत होती, जिथे मेर्लिंडाचा चेहरा संपर्क तुटल्यामुळे तोंड उघडे ठेवूनच थिजला होता.

*

एडिनबरोत या विधेयकावरच्या समितीचे काम संपत आले होते. संमती देऊ नये अशी शिफारस करण्याकडे सगळ्यांचा कल होता. मतदानाच्या आदल्या आठवड्यात समितीची अध्यक्ष कर्स्टी लमाँट गॅव्हिनला शोधत खाली कॅफेत आली. ती दुसऱ्या पक्षाची होती, तिरकस बोलायची, आणि ज्यांना दिलेला शब्द पाळायचा असतो अशा थोड्या लोकांत गॅव्हिन तिला धरायचा.

“लंडनहून निरोप आलाय,” ती बसत म्हणाली. “कागदावर नाही, तोंडी. आपण संमती दिली तर ते एक कलम घालायला तयार आहेत. ज्या घराचा विरोध असेल त्या घराला सुनावणी. ऐकणारा माणूस स्वतंत्र, त्यांच्या खात्यातला नाही. आणि सुनावणी मागितली की वर्षभर बोटीला कोणी हात लावायचा नाही.”

“वर्षभर.”

“किमान. तुझ्या त्या म्हातारीला बसून बोलायला एक दार मिळेल. कदाचित तो माणूस तिचं मानेलही.”

गॅव्हिनने कप जवळ ओढला. तो साखर घेत नसे, तरी चमचा उचलून ढवळू लागला.

“सुनावणी म्हणजे संमती नव्हे,” तो म्हणाला.

“नव्हेच. तत्त्व म्हणून तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण आपण नाही म्हटलं तर ते थांबणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कोर्टानंसुद्धा सांगून टाकलंय, ही राजकारणातली रीत आहे, आम्ही ती पाळायला लावू शकत नाही. क्रेनचं जहाज वसंतासाठी ठरवून ठेवलंय म्हणतात.” तिने त्याच्या चमच्याकडे पाहिले. “आता गाव तुझं, माणसं तुझी. तू हो म्हण, मी माझ्या लोकांना वळवते. नाही म्हण, आपण जोरात नाही म्हणू.”

काचेपलीकडे शाळेची मुले रांगेने आत येत होती. त्यांच्या बाई त्यांना ओठांवर बोट ठेवायला सांगत होत्या. गॅव्हिन ती रांग संपेपर्यंत बघत राहिला. वर्षभर, म्हणजे पुढचा हिवाळा पूर्ण.

“अर्धवट हो म्हणून आपला हक्क विकायचा नाही,” तो म्हणाला. “नाहीच म्हणू.”

कर्स्टी उठली. “भाषण चांगलं कर मग,” ती म्हणाली. “नाहीतरी तेवढंच आपल्या हातात आहे.”

भाषण चांगले झाले. गॅव्हिनने कागद खिशातून काढलाच नाही. पोर्टनॉरीतल्या एका घराबद्दल तो बोलला, जिथे एक बाई हवामानाच्या बातम्यांत आपल्या मुलाची झोप ऐकते. “संमती मागायची, आणि मिळाली नाही तरी तेच करायचं, याला विचारणं म्हणत नाहीत,” तो म्हणाला. “याला कळवणं म्हणतात.” एरवी मान वर न करणारे आमदारही टाळ्या वाजवत होते. संमतीचा ठराव मोठ्या फरकाने पडला.

संध्याकाळी अ‍ॅग्नेसचा फोन आला. ती फोनवर नेहमीच मोठ्याने बोलायची, जणू पलीकडचा माणूस बोटीवर आहे.

“टीव्हीवर पाहिलं. छान बोललास. डॉडची झोप म्हणालास ते मात्र मी तुला तसं सांगितलं नव्हतं. माझी झोप म्हणाले होते.”

“चुकलो, मावशी.”

“नाही, असू दे. बरं वाटलं ऐकायला. मग आता झालं ना? विषय संपला?”

गॅव्हिन हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. पायातला एकच बूट काढून झाला होता.

“आपण ‘नाही’ सांगितलंय,” तो म्हणाला. “स्पष्ट सांगितलंय.”

*

नाताळ उलटल्यावर लंडनने कायदा केला. एडिनबरोची संमती मिळू शकली नाही याचा मंत्र्यांना मनापासून खेद वाटत होता. पण मृतांच्या नातेवाइकांना आणखी ताटकळत ठेवणे त्यांना योग्य वाटत नव्हते, आणि ही परिस्थिती ‘सहसा’ या शब्दात बसणारी नाही असे त्यांचे मत होते. सुनावणीचे कलम अर्थातच घातलेले नव्हते. ते संमतीच्या बदल्यात होते.

गॅव्हिनने पोर्टनॉरीच्या कार्यालयात बसून निवेदन लिहिले. शब्द सापडायला अडचण पडली नाही. ‘अवमान’, ‘विश्वासघात’, ‘एका वृद्ध मातेचा आवाज’. कार्यालयातल्या मुलीने ते वर्तमानपत्रांना पाठवले आणि म्हणाली, “चहा ठेवू का?”

“नको,” तो म्हणाला. “जरा दार लावून घे.”

दार लागल्यावर त्याने वडिलांना फोन केला. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

“बाबा. आणतायत त्याला.”

पलीकडे फक्त नळीचा आवाज होता, आत, बाहेर.

“कधी?” वॉटीने विचारले.

“एप्रिलात. समुद्र शांत असला तर.”

“एप्रिलपर्यंत राहीन मी,” वॉटी म्हणाला. अगदी एखाद्याला धक्क्यावर भेटायचे ठरवावे तसे. “राहीनच.”

गॅव्हिनने फोन ठेवला. समोर स्क्रीनवर त्याचेच निवेदन उघडे होते. त्याने हात लांब करून ते बंद केले आणि मग टेबलावर डोके टेकून तो रडला. नऊ वर्षांत रडला नव्हता तितका, आणि त्या रडण्यात राग कुठेच नव्हता.

अ‍ॅग्नेसकडे तो दुसऱ्या दिवशी गेला. तिने दार उघडले, पण ती उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

“वाचलं पेपरात,” ती म्हणाली. “दमला असशील. जा, झोप जा.”

*

एप्रिलच्या अखेरीस, तीन दिवस वारा पडलेला असताना, क्रेनच्या जहाजाने ‘फेअर मॉर्न’ उचलली आणि दूरच्या एका बंदरात नेली. पोर्टनॉरीत ती कोणाला दिसली नाही. आधी पोलिसांची गाडी स्लेटरांच्या दारात थांबली. बोटीतल्या झोपायच्या खोलीत दोघे सापडले होते. एक रॉय होता आणि दुसरा रोमेल. मग तीच गाडी शेजारच्या दारात जाऊन थांबली. या वेळी आत गेलेली पोलीस बाई बराच वेळ बाहेर आली नाही.

बोटीत तिसरे कोणी नव्हते. सुकाणूच्या खोलीची खिडकी फुटलेली होती. डॉड त्यातून बाहेर पडला, की पाण्याने त्याला बाहेर ओढले, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हते. चौकशीत बोट का बुडाली ते कळेल, असे त्या बाईने अ‍ॅग्नेसला सांगितले होते. तो कुठे आहे ते कळणार नव्हते.

गॅव्हिन गेला तेव्हा मागचे दार नुसते लोटलेले होते. अ‍ॅग्नेस टेबलापाशी बसली होती. तिच्यासमोर पोलीस बाईने प्यायलेला कप अजून तसाच होता. खिडकीच्या फळीवरचा रेडिओ जागेवर नव्हता. तिथे धुळीत त्याचा स्वच्छ चौकोन राहिला होता.

“बस,” ती म्हणाली.

तो बसला. तिने उठून त्याला चहा दिला. तिचे हात स्थिर होते.

“वॉटी कसा आहे?”

“बरा आहे. गुरुवारी दफन ठरवलंय.” तो थांबला. “रोमेललाही घरी पाठवतायत. मेर्लिंडाचा फोन आला होता.”

“चांगलं झालं. त्या बिचारीचं चांगलं झालं.” अ‍ॅग्नेसने पोलीस बाईचा कप उचलला, मग परत तिथेच ठेवला. “नऊ वर्षं तो कुठे आहे ते मला माहीत होतं, गॅव्हिन. खोटं असेल, पण माहीत होतं. आता मी कुठलं हवामान ऐकू?”

बाहेर सीगलचा गलका चालला होता, धक्क्यावर कोणती तरी बोट परतली असावी.

“एक विचारते,” ती म्हणाली. “खरं सांग. हे थांबवायची दुसरी काहीच वाट नव्हती?”

तो नाही म्हणू शकला असता. कर्स्टीशी झालेले बोलणे कागदावर नव्हते. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी ताटली रिकामी दिसल्यावर बघायची तशी, आधीच सगळे कळून. त्याने सांगितले. संमतीच्या बदल्यात मिळणारी सुनावणी सांगितली. वर्षभराची मुदत सांगितली. आपण नको म्हणालो तेही सांगितले.

“का नको म्हणालास?”

“सुनावणी म्हणजे संमती नव्हे. तुझा शब्द मी अर्धा करून...”

“ते भाषणात सांग.” तिचा आवाज चढला नव्हता. “ती बाई वर्षभर म्हणाली, तेव्हा तुझ्या मनात कोण होतं?”

गॅव्हिनने कप उचलून तोंडाला लावला. तो मघाच रिकामा झाला होता. तरी त्याने घोट घेतल्यासारखे केले आणि कप खाली ठेवला.

अ‍ॅग्नेसने मान हलवली. कितीतरी वेळ ती हळूहळू मान हलवत राहिली.

“तसं तोंडावर म्हणाला असतास ना, की मला माझा भाऊ पाहिजे, माझा बाप मरायला टेकलाय, तर मी भांडले असते. शिव्या घातल्या असत्या तुला. आणि कोण जाणे, हो पण म्हटलं असतं.” ती उठली आणि कप सिंककडे घेऊन गेली. “तू ‘नाही’ म्हणालास, पोरा. तुझं ‘नाही’ कोणी ऐकणार नाही ते बघून घेतलंस, आणि मग म्हणालास.”

*

लेडिंगहॅम, गावचा दफनाची व्यवस्था पाहणारा, बुधवारी दोरांची आकडे घातलेली कार्डे घेऊन आला. पेटी कबरीत सोडायला आठ दोर, आणि कोणता दोर कोणी धरायचा ते घरच्यांनी सांगायचे. डोक्याकडचा वॉटीचा, तो चाकांच्या खुर्चीतून धरणार होता. पायाकडचा गॅव्हिनचा. चुलतभाऊ, जुने खलाशी, एकेक नाव ठरत गेले.

“डाव्या खांद्याचा?” लेडिंगहॅमने विचारले.

“तो डॉडचा,” वॉटी म्हणाला. “दोघं पाळण्यापासून बरोबर. डॉड नाही तर त्याच्या आईचा.”

गॅव्हिन ते कार्ड घेऊन शेजारी गेला. अ‍ॅग्नेस कुंपणापाशी दोरीवरून चादरी काढत होती. त्याने कार्ड पुढे केले नाही, हातातच ठेवले.

“रॉयचा एक दोर तुझ्याकडे असावा असं बाबांना वाटतं. मलाही वाटतं. सांगायला नाही आलो, विचारायला आलोय.”

तिने चादरीची दोन टोके जुळवली.

“नाही,” ती म्हणाली.

“बरं,” गॅव्हिन म्हणाला.

ती आणखी काही ऐकायच्या तयारीने थांबली होती. तो आणखी काही बोलला नाही. चादरीचे दुसरे टोक जमिनीला लागत होते, ते उचलून त्याने तिच्या हातात दिले आणि परत फिरला.

गुरुवारी टेकडीवरच्या दफनभूमीत वारा होता. झाडून सारे गाव आले होते. बंदरातल्या बोटींनी झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. पाद्र्याची प्रार्थना झाली आणि लेडिंगहॅमने एकेका आकड्याला पुढे बोलावले. माणसे कबरीभोवती आपापल्या जागी उभी राहिली, दोर तळव्याला गुंडाळले गेले. डाव्या खांद्याकडचा दोर गवतावर पडून होता.

लेडिंगहॅम गॅव्हिनजवळ सरकला.

“काकू आल्या आहेत,” तो कुजबुजला. “मागे, भिंतीपाशी. बोलावू?”

“नको. त्यांना विचारून झालंय.”

“मग मी धरतो. किंवा कोणीही धरेल, आहेत की इतके जण.”

“कोणी नको. तो दोर त्यांचा.”

“पेटी कलंडेल, गॅव्हिन.”

“कलंडू दे.”

लेडिंगहॅमने एकदा वॉटीकडे पाहिले, मग मागे झाला. पेटीखालच्या फळ्या ओढून घेतल्या गेल्या. पेटी हलकी होती, लाकडाचेच काय ते वजन. तरी दोर सुटू लागले तशी तिची डावी बाजू खचली आणि मातीच्या भिंतीला घासत, थांबत, तिरपी खाली जाऊ लागली.

“कोण ढिला सोडतंय?” वॉटी खुर्चीतून ओरडला. त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. “डावीकडे कोण आहे? सांभाळा त्याला!”

भिंतीपाशी अ‍ॅग्नेस मेअर दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. गॅव्हिनने वर पाहिले नाही. पेटी सरळ व्हावी म्हणून त्याने आपला दोर आणखी थोडा सोडला. ती झाली नाही.